फावल्या वेळचे पंडित

"पण तुम्हांला काय करायचंय?" हा प्रश्न ज्याला आयुष्यात कधीच ऐकावा लागला नाही, त्या भाग्यवान वाचकाने हा लेख सोडून खुशाल पुढची कथा वाचायला घ्यावी. माझे बोलणे आहे ते दुसऱ्या जातीच्या माणसांशी. म्हणजे ज्यांचे पोट एका धंद्यावर चालते आणि डोके भलत्याच गोष्टीत गुंतलेले असते, त्यांच्याशी. तुळशीचे लग्न कार्तिकातच का? गावच्या वेशीवरल्या दगडावर चंद्र-सूर्य आणि बाईचा हात कोणी कोरला? आत्मा अमर म्हणतात, मग श्राद्धाचा पिंड कोणापर्यंत पोहोचतो? असले प्रश्न यांना भाजी निवडतानासुद्धा पडतात. घरात विचारले तर वरचे उत्तर मिळते. कचेरीत विचारले तर "याला बढतीत मार्क आहेत का हो?" असे मिळते. आणि एखाद्या प्राध्यापकाला विचारावे, तर तो सौजन्याने हसून सांगतो, की हा विषय फार खोल आहे.

मी स्वतः चौतीस वर्षे बँकेत ठेवींच्या खात्यावर काढली. व्याज मोजणे हा माझा धंदा. इतिहास, धर्म, तत्त्वज्ञान यांतली कोणतीही पदवी मजजवळ नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, या रिकामटेकड्या समजल्या जाणाऱ्या जमातीची वकिली करायचे मी ठरवले आहे. साक्षीदार मात्र भक्कम आणले आहेत.

जेवणाच्या सुट्टीतला जलप्रलय

पहिला साक्षीदार लंडनचा. जॉर्ज स्मिथ त्याचे नाव, जन्म १८४०चा. धंदा नोटांसाठी धातूच्या पत्र्यावर नक्षी कोरण्याचा. शिक्षण बेताचेच. इतर कारागीर जेवणाच्या सुट्टीत जेवत, हा ब्रिटिश म्युझियम गाठी. तेथे निनवे शहराच्या उत्खननातून आलेल्या मातीच्या विटा होत्या, बाणासारख्या अक्षरांनी खच्चून भरलेल्या. कोरीव कामावर बसलेली नजर त्या बारीक खुणांवर अशी काही ठरली, की म्युझियममधल्या अधिकाऱ्यांनी या पोराला हेरले आणि तुकडे जुळवण्याच्या कामावर घेतले.

१८७२ साली एका तुकड्यावर त्याला मजकूर लागला: एक नौका डोंगराला टेकली आहे, तिच्यातून कबुतर सोडले आहे आणि बसायला जागा न मिळाल्यामुळे ते परत आले आहे. ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाला ही कथा कोणी सांगायला नको होती. बायबलातला नोहाचा जलप्रलय तो! पण वीट होती बायबलाशी संबंध नसलेल्या लोकांची. ३ डिसेंबर १८७२ रोजी स्मिथने यावर व्याख्यान दिले, तेव्हा पंतप्रधान ग्लॅडस्टन श्रोत्यांत बसले होते.

आता गंमत पाहा. एक पक्ष म्हणाला, झाले, बायबल खरे ठरले! दुसरा म्हणाला, झाले, बायबलाने दुसऱ्याची कथा उचलली! दोन्ही पक्ष कडाडून भांडू लागले. स्मिथ मात्र एका वेगळ्याच काळजीत होता. कथेतल्या काही ओळी तुटलेल्या होत्या. त्या कुठे असतील? एका वर्तमानपत्राने एक हजार गिन्या देऊ केल्या, तसा तो १८७३ साली निनवेला गेला. खोदकामास लागून फार दिवस झाले नव्हते, तोच जलप्रलयाच्या कथेचा एक तुकडा त्याच्या हाती आलासुद्धा. तो तुकडा त्याच कथेच्या निराळ्या पाठातला होता, हे पुढे कळले; म्हणजे शोध आणखीच लांबला. १८७६ साली अशाच एका फेरीवरून परतताना अलेप्पोला तो वारला. वय अवघे छत्तीस.

आपल्या शतपथ ब्राह्मणातली मनू आणि माशाची गोष्ट आठवून वाचकाच्या मनात आत्ता जो प्रश्न उठला असेल, तो फार जुना आणि फार मोहक आहे. त्याला चटकन 'हो' म्हणू नये, 'नाही'ही म्हणू नये. स्मिथने केले तसे करावे. आधी तुटलेल्या ओळी शोधाव्यात.

दोन अक्षरांची किल्ली

दुसरा साक्षीदार कलकत्त्याच्या टांकसाळीतला. जेम्स प्रिन्सेप यांचे काम नाण्यातल्या धातूचा कस पाहण्याचे. उरलेल्या वेळात हा गृहस्थ एका लिपीच्या मागे लागला. दिल्लीच्या आणि अलाहाबादच्या स्तंभांवर, ओरिसातल्या खडकावर तीच अक्षरे. पण ती वाचणारा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एक उरला नव्हता.

किल्ली सापडली ती लांबलचक लेखात नव्हे, सांचीच्या कठड्यांवरल्या चिमुकल्या लेखांत. १८३७ साली त्यांचे ठसे पाहताना प्रिन्सेपच्या ध्यानात आले, की जवळजवळ प्रत्येक लेखाच्या शेवटी तीच दोन अक्षरे आहेत. देवळात निरनिराळ्या दगडांवर लहान लहान लेख असतील आणि सर्वांचा शेवट एकच असेल, तर तो शब्द कोणता असेल? कोणत्याही देवळातल्या फरशीवरून चाललेला माणूस उत्तर देईल. अमुक अमुक यांचे 'दान'! 'द' मिळाला, 'न' मिळाला, त्यावरचा अनुस्वार मिळाला. आणि थोड्याच दिवसांत ब्राह्मी लिपी बोलू लागली.

ती बोलली, तो 'देवांना प्रिय' असा पियदसी नावाचा राजा पुढे आला. हा कोण? ते कोडे सिलोनच्या सरकारी नोकरीतल्या जॉर्ज टर्नर यांनी पाली ग्रंथांवरून सोडवले. हा अशोक! तरी शंकेखोरांना जागा होतीच, कारण तोवर सापडलेल्या लेखांत 'अशोक' हे नाव कुठे नव्हते. ते सापडले १९१५ साली, रायचूर जिल्ह्यातल्या मस्कीला. शोधणारा कोण, तर बीडन नावाचा सोन्याच्या खाणीतला इंजिनियर. टांकसाळीतला कसगार, सिलोनातला कारकुनी हुद्देदार आणि खाणीतला इंजिनियर अशा तिघांनी मिळून एक सम्राट आपल्याला परत दिला.

आपल्या अंगणातले

आपल्याकडेही ही परंपरा कमी नाही. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड दिवसा रोगी तपासत आणि अजिंठ्याच्या लेखांवर निबंध लिहीत. त्यांच्या हाताखाली जुनागडचे भगवानलाल इंद्रजी आले. गिरनारच्या वाटेवरचा अशोकाचा खडक या मुलाच्या गावचाच. प्रिन्सेपचा अक्षरांचा तक्ता घेऊन त्याने तो वाचायला शिकून घेतला. इंग्रजी बेताचे, म्हणून निबंध गुजरातीत लिहायचे आणि दुसऱ्याने त्याचे भाषांतर करायचे. याच माणसाला पुढे हॉलंडातल्या लायडन विद्यापीठाने सन्मानाची डॉक्टरेट दिली. १८८२ साली नालासोपाऱ्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेकडी त्यांनी उकलली, तर आत बौद्ध स्तूप. स्तूपात दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा, त्याच्या आत एकात एक चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि त्या सोन्याच्या करंड्यात काय, तर मातीच्या भांड्याचे काही तुकडे! ज्यांनी ते जपून ठेवले त्यांना ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे वाटत असले पाहिजेत. लोकल गाडीत रोज नालासोपाऱ्याची पाटी पाहणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

दापोली तालुक्यातल्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तर. एरणच्या स्तंभावरची 'आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार' एवढी तिथी घेऊन त्यांनी गणित मांडले आणि ती इसवी सन ४८४च्या जूनची २१ तारीख ठरवली. गुप्त राजांचा शक केव्हा सुरू झाला, या वादाचा निकाल लागण्यास त्या गणिताचा मोठा आधार झाला. पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या हायकोर्टातले वकील. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाला प्रस्तावना लिहायला बसले. प्रस्तावना वाढत वाढत धर्मशास्त्राचा इतिहास होऊन बसली. पहिला खंड १९३०चा, पाचवा १९६२ साली पुरा झाला आणि १९६३ साली भारतरत्न किताब आला. आणि दामोदर धर्मानंद कोसंबी? ते गणिताचे प्राध्यापक. डेक्कन क्वीनने पुण्याहून मुंबईला जात-येत. जुनी नाणी हाताळण्याने झिजतात, तेव्हा झिजेवरून त्यांचा काळ काढता येईल, हा विचार इतिहासकाराच्या नव्हे, गणित्याच्या डोक्यात आला. सराफाच्या तराजूहून नाजूक तराजूवर त्यांनी हजारो नाणी तोलली.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येकाने आपल्या धंद्याचे हत्यार दुसऱ्या शेतात नेले. कोरक्याने नजर नेली, कसगाराने बारकावा नेला, गणित्याने तराजू नेला.

दगडावरची मुदत ठेव

बँकेच्या कारकुनाजवळ नेण्यासारखे काय? व्याजाचे कोष्टक! ते मला उपयोगी पडले नाशिकला.

नाशिकच्या पांडवलेण्यांत १० क्रमांकाचे लेणे आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने ते कोरवले. त्याचे लेख तेथेच भिंतीवर आहेत. एका लेखाचे भाषांतर मी वाचनालयात बसून वाचले आणि खुर्चीतच सावरून बसलो. अहो, ही तर आमच्या खात्याची भाषा!

उषवदात सांगतो, की मी तीन हजार कार्षापण गोवर्धनातल्या श्रेणींकडे ठेवले आहेत. दोन हजार एका कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दराने. एक हजार दुसऱ्या कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. याला शब्दही कसा नेमका, 'अक्षयनीवी'. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना दर माणशी बारा कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत.

मी सवयीने कागद ओढला. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे दरमहा वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. आणि वीस भिक्षूंना बारा प्रमाणे? दोनशे चाळीस! जमाखर्च पैचा इकडेतिकडे न होता जुळला. उरलेल्या हजारावर पाऊण टक्का म्हणजे वर्षाचे नव्वद. ते भिक्षूंच्या दुसऱ्या एका खर्चासाठी. त्या खर्चाच्या नावाचा अर्थ काय, यावर पंडितांत वाद आहे. पण बेरजेवर वाद असण्याचे कारण नाही. मोठ्या ठेवीला जास्त दर, हेही आमच्या धंद्याला धरूनच झाले. वर हा सारा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवला, असे तो लिहून ठेवतो. साक्ष झाली, नोंदणी झाली. कचेरीत मी चौतीस वर्षे याहून निराळे काही केले नाही.

आपला की परका?

पण खरी कसोटी पुढेच होती. नाशिकला आम्ही घरची पाच-सहा माणसे मिळून गेलो. त्यांत माझे मेहुणे, म्हणजे बहिणीचे यजमान, आणि त्यांचा मुलगा. या बापलेकांचे चार महिने बोलणे बंद होते. कारण ना पैसा, ना लग्न. फोनवर आलेला कुठलासा इतिहासाचा मजकूर! प्राचीन काळी कोणी कोणाचा धर्म बुडवला, यावरून गणपतीच्या आरतीनंतर शब्दाला शब्द वाढला, आणि तेव्हापासून "आईला सांग, बाबांना चहा हवाय का विचार" असा कारभार चालू होता. असली घरे आज एक-दोन नाहीत.

लेण्यापाशी दोघांनीही आपापल्या बाजूचा माणूस शोधायला सुरुवात केली. भाऊजी म्हणाले, "अहो, हा तर शक! परका माणूस. आपल्या सातवाहनांनी याच घराण्याला उखडून टाकलं." मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "मामा, लेणं बौद्धांचं आहे. दान त्यांनाच दिलंय. यात ब्राह्मणांचा काय संबंध?"

मी म्हटले, "वाद नंतर. आधी तो काय म्हणतो ते ऐकू या."

मग मी टिपून आणलेले वाचून दाखवले. याच लेण्याच्या ओसरीत उषवदात सांगतो, की मी तीन लाख गाई दान केल्या, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातले, पुष्करला जाऊन अभिषेक केला. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे धर्मशाळा बांधल्या. पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या. कार्तिक शुद्ध पंचदशीला देव आणि ब्राह्मणांसाठी सत्तर हजार कार्षापण दिले, पस्तिसांचा एक सुवर्ण या हिशेबाने दोन हजार सुवर्ण. आणि त्याच माणसाने हे लेणे चारी दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघासाठी कोरवले. शकाचा बौद्ध लेण्यात कोरलेला ब्राह्मणदानाचा जमाखर्च! याला कोणत्या रकान्यात घालणार?

त्याहून पुढची गोष्ट शेजारच्या ३ क्रमांकाच्या लेण्यातली. क्षहरातांचा उच्छेद करणारा गौतमीपुत्र सातकर्णी विजयानंतर आज्ञा देतो, की उसभदत्ताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत याच डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. हा उसभदत्त बहुधा आपला उषवदातच. शत्रूचे राज्य घेतले. पण डोंगरावरच्या भिक्षूंची काळजी विजेत्यानेही तशीच वाहिली.

दोघेही काही बोलले नाहीत. मी कोणाला हरवले नव्हते, आणि कोणी जिंकलेही नव्हते. थोड्या वेळाने पायऱ्या उतरता उतरता मुलगा एकदम म्हणाला, "बाबा, ते दोनशे चाळीसचं गणित बरोबर आहे का हो?" भाऊजी सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, आकड्याला नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नाही. खिशातून पेन्सिल काढून त्यांनी एस.टी.च्या तिकिटाच्या पाठीवर मांडणी केली आणि म्हणाले, "बरोबर आहे. ये, बघ." चार महिन्यांनी उच्चारलेले हे पहिले वाक्य. बहीण पुढे चालत होती; ती मागे वळली नाही, पण तिची चाल हळू झाली.

मला धाकधूक होती ती आत्याची. ऐंशी उलटलेली. लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेले. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, "म्हणजे पांडवांनी नाही म्हणतोस. मग मी हात कोणाला जोडले रे मघाशी?"

मी तिला सांगितले, "आत्या, त्याच लेण्यात विष्णुदत्ता नावाच्या एका शक बाईचा लेख आहे. आजारी भिक्षूंना औषध मिळावं म्हणून तिने कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले होते."

आत्या क्षणभर थांबली. "नाव टिकलं का बाईचं? बरं झालं," ती म्हणाली. वर पाहून तिने पुन्हा एकदा हात जोडले. कोणाला, ते मी विचारले नाही.

शोध घेतला की श्रद्धा जाते, असे भय पुष्कळांना वाटते. मला तरी अनुभव निराळा आला. जाते ती भांडायची खुमखुमी. उषवदातासारखा एक माणूस नीट ओळखीचा झाला, की 'ते सगळे' आणि 'आपण सगळे' असे बोलायला जीभ रेटत नाही.

थोडी पथ्ये

मात्र या छंदाला पथ्ये आहेत. हौशी माणूस ती पाळीत नाही, तेव्हाच पंडित त्याला हसतात आणि ते हसणे रास्त असते. प्रश्न लहान घ्यावा. 'आर्य कोठून आले' हा नको. 'आमच्या देवळाच्या पायरीवर काय लिहिले आहे' हा घ्यावा. दोन नावांचा उच्चार सारखा वाटला म्हणून नाते जोडू नये; त्या मार्गाने गेलेले लोक बरीच वर्षे परत आलेले नाहीत. दुसऱ्याने काय म्हटले त्यापेक्षा मूळ लेखात काय आहे ते पाहावे, निदान विश्वासू भाषांतरात. दगडावर खडू, तेल, शेंदूर फिरवून अक्षरे उठावदार करायला जाऊ नये; ती एकोणीसशे वर्षे टिकली आहेत, आपल्या मदतीवाचून. जाणत्यांना विचारायला लाजू नये. आणि सर्वांत अवघड पथ्य हे: उत्तर आपल्या मनासारखे आले, की ते दोनदा तपासावे. मनाविरुद्ध आलेले उत्तर आपण आपोआपच दहादा तपासतो.

भांडवल म्हणाल तर एक वही, एक पेन्सिल आणि वाचनालयाची वर्गणी. मुले बरोबर असली तर उत्तमच, "हे कोणी केलं?" असे विचारायला ती अजून लाजत नाहीत.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा फराळाचे डबे अर्धे झाले असतील. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत त्रिपुरी पौर्णिमा येते, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचदशीच. ज्या तिथीला उषवदाताने आपले दान नोंदवले, ती हीच. घराघरांतून त्या रात्री दिवे लागतात. जमल्यास त्याच्या आधीच्या रविवारी नाशिकला जाऊन या. तिथी भिंतीवर लिहिलेली आहे.